पासपोर्टवरचं कुंकू

महनाज,

तो डाग तुझ्या लिपस्टिकचा नव्हता. ते कुंकू होतं. माझ्या देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं, तेलात कालवलेलं, आणि ते मी लावलं होतं. एवढी तीन वाक्यं मला विमानतळाच्या दाराशी बोलायची होती. तिथे नाही बोलले. मग पुढचे अकरा महिने आपली दारं समोरासमोर होती. लिफ्टमध्ये, जिन्यात, माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना, रोज बोलता आलं असतं. आता तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि मी वही उघडून बसले आहे. हे विचारत होते, "आता कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, "जिला सांगायला हवं होतं तिला." ते उठले, पेपर उचलून बाल्कनीत गेले.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस ती स्टेपलर मागायला. बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या आपल्या इमारतीत बाराशे बिऱ्हाडं असतील, पण स्टेपलर असणारं घर तुला बरोबर सापडलं. मागे मागे मी आलेच, कारण वस्तू दिली की ती कशासाठी चालली आहे हे बघायची मला खोड आहे. तुझ्या टेबलावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात तुझं सगळं आयुष्य कोंबलेलं होतं: पासपोर्ट, व्हिसाचे कागद, भाडेकरार, घटस्फोटाचा दाखला आणि त्यावर बिस्किटांचा चुरा. मी सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं काढलेली बाई. एका भागावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचे.  त्याच दुपारी मी निळी फाइल आणली, प्लास्टिकची पाकिटं आणली, प्रत्येकावर नाव लिहिलं. तू भिंतीला टेकून हसत बसली होतीस. "आक्काजून," म्हणालीस, "ये शादी है क्या, इतनी तैयारी?"

आक्का तू भाजीवाल्याकडून उचललंस आणि मागचा जून तुमच्याकडचा. जून म्हणजे जीव, असं तूच सांगितलंस. तुझी हिंदी बंगळूरची, कन्नड भाजीपुरतं, आणि मराठी माझ्या फोनवरच्या बोलण्यातून कानावर पडेल तेवढं. एकदा मी बँकेशी भांडत होते. "मुदत संपली म्हणजे काय? अर्ज मी वेळेत दिलाय, दाखला जोडलाय!" तू चहाचा कप खाली ठेवलास आणि बोटं मोजायला लागलीस. मुदत आमची, अर्ज आमचा, दाखला आमचा. निम्मं कार्यालय तुम्ही इराणातून पळवलंय म्हणालीस. मग मी हरकत म्हटल्यावर अडलीस. तुमच्याकडे हरकत म्हणजे हालचाल, गाडी सुटणं. आमच्याकडे हरकत म्हणजे नेमकी ती अडवणं. तेव्हा आपण किती हसलो होतो.

हसण्यासारखं फारसं नव्हतं खरं. तुझ्या पासपोर्टची ताकद किती ते मला फाइल लावता लावता कळत गेलं. तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाला युरोपात जायचं म्हणून आपण एवढा मोठा गठ्ठा पाठवला होता. पगाराच्या पावत्या, बँकेचं पत्र, कंपनीचं पत्र, परत येण्याचं तिकीट. परत आला तो नुसता पासपोर्ट आणि एक छापील कागद. तू पाकीट न उघडता, हातात तोलूनच सांगितलंस, "नहीं दिया." लग्न झालेली होतीस तेव्हा तर नवरा लेखी हो म्हटल्याशिवाय तुला नवा पासपोर्टसुद्धा मिळत नव्हता, आणि तो कॅनडात जाऊन बसला होता. त्याच्या एका सहीसाठी तू आठ महिने फोन केलेस. घटस्फोटाचं सांगताना तू रडशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "अब मेरा साइन मेरा है."

आणि बदामी. आपण तिघं लेणी बघायला गेलो होतो आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने तुझा पासपोर्ट उलटासुलटा करून आत फोन लावला. "ओनर बेडा अंतारे, अक्का," मला हळूच म्हणाला. मालक नको म्हणतात. परदेशी माणूस उतरला की नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो, त्यातून इराणचं नाव बघून मालक घाबरला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, फॉर्म मी भरते, मला पाठ आहे, आणि ती माझी बहीण आहे. तो तुझ्या नाकाकडे बघत राहिला, मग माझ्या नाकाकडे. खोली मिळाली. रात्रभर तू मधूनमधून म्हणत होतीस, "बहन?" आणि उशीत तोंड खुपसून हसत होतीस. महनाज, त्या काउंटरवर मी तुला बहीण म्हटलं ते अगदी खरं म्हटलं होतं. म्हणून तर पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत तुझ्या पासपोर्टची मुदत संपत आली. फोटो काढायला आपण कोरमंगलाला गेलो. तुमच्या वकिलातीला डोक्यावर स्कार्फ घेतलेला फोटो हवा, आणि स्टुडिओवाला हट्टाला पेटलेला. "अक्का, किवी काणबेकु," कान दिसलेच पाहिजेत, नाहीतर व्हिसावाले परत पाठवतात म्हणे. शेवटी दोन्ही काढले. एक कान दाखवून व्हिसासाठी, एक कान झाकून पासपोर्टसाठी. तू लिपस्टिक पुसायला तयार नव्हतीस. ती तुझी गडद लाल लिपस्टिक, डाळिंबाच्या सालीच्या रंगाची. मी म्हटलं, पुसून टाक, उगाच कुणी शंका काढेल. तू म्हणालीस, "आक्काजून, स्कार्फ उनका, होंठ मेरे." स्टुडिओवाल्याला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

हैदराबादला तुमच्या वकिलातीत जाऊन तू नवा पासपोर्ट घेऊन आलीस आणि सरळ माझ्या हातात दिलास. तू वस्तू हरवणारी. आपलं ठरलंच होतं, पासपोर्ट माझ्या लोखंडी कपाटात राहणार. मी आधी तो स्कॅन केला, व्हिसाच्या कामासाठी अपलोड केला. मग आंघोळ करून देवापुढे ठेवला. आमच्याकडे नवी गाडी आली, नवी वही आली, सोनं आलं, नोकरीचा कागद आला, की आधी देवापुढे. यात मी विचार केला असंही नाही. हात आपोआप करंड्याकडे गेला. हळद नको म्हटलं, हळदीचा डाग जात नाही. नुसतं कुंकू. तेही कोरडं लावलं तर पानांत सांडेल, म्हणून तेलाचं बोट बुडवून घेतलं. फोटोच्या पानावर लावायचं नाही एवढी अक्कल होती, म्हणून समोरच्या पानाच्या कोपऱ्यात लावलं. हळदीपासून सांडण्यापर्यंत सगळ्याचा विचार केला बघ. तपासणीवाली बाई ना मी! देवाला म्हटलं, हिला कुठे अडवू नकोस. मग पासपोर्ट मिटला, पाकिटात घातला आणि कपाटात सगळ्या फाइलींच्या खाली, सपाट राहावा म्हणून, दाबून ठेवला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मार्च गेला, एप्रिलचा उन्हाळा तापला, तेल पाघळलं आणि दोन पानं एकमेकांना चिकटून बसली. फोटोखाली ज्या दोन ओळी मशीन वाचतं, बरोबर त्यांच्यावर.

आणि मला हे माहीत नव्हतं. एवढं तरी लिहू दे. तोवर मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी तुझ्या गावाहून, करमानहून फर्जानेचा फोन आला, आई दवाखान्यात आहे, आत्ता नीघ. तुझी ती धाकटी बहीण दर शुक्रवारी तासभर फोनवर असायची, त्या दिवशी चार शब्द बोलून तिने फोन ठेवला म्हणून तू घाबरलीस. दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट मिळालं, आखाती विमानतळावर बदलून पुढे. नोवरूझला, तुमच्या नव्या वर्षाला, जायचं तू म्हणत होतीस तेव्हा मीच तुला थांबवलं होतं. इथे राहण्याच्या परमिटचं नूतनीकरण चालू आहे, मध्येच देश सोडलास आणि परत येऊ दिलं नाही तर? तू ऐकलंस. आता सकाळी सहाला टॅक्सीत बसताना मी कपाटातून पाकीट काढून तुझ्या हातात दिलं, तू ते पर्समध्ये टाकलंस आणि हेब्बाळचा पूल येईपर्यंत आईची औषधं आठवून मला सांगत राहिलीस.

विमानतळाच्या आत मला जाता येत नव्हतं. मी बाहेर कॉफी घेतली, तू आत पोचल्याचा मेसेज यायची वाट बघत. मेसेज नाही आला, तूच आलीस. ट्रॉली ढकलत उलटी बाहेर. पासपोर्ट हातात उघडा.

काउंटरवरच्या मुलीचं मशीन पान वाचत नव्हतं. तिने वरिष्ठाला बोलावलं. त्याने पान उजेडात धरलं, नखाने खरवडलं आणि म्हणाला, पानाशी छेडछाड झाल्यासारखं दिसतं, पुढच्या विमानतळाने तुम्हाला परत पाठवलं तर आमच्यावर येईल. तू रडलीस, आईचे फोटो दाखवलेस, ओरडलीससुद्धा. दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट असता तर कुणी टिश्यूने पुसून पुढे ढकलला असता, असं तू म्हणालीस. खरंही असेल. पण मी त्या माणसाला दोष देऊ शकत नाही. मी तिथे असते तर मीच लाल चिठ्ठी लावली असती.

तू पासपोर्ट माझ्यापुढे धरलास. मी एका क्षणात ओळखलं. माझ्या बोटाची गोलाई ओळखली. मी बोलणार तेवढ्यात तू म्हणालीस, "लिपस्टिक! आक्काजून, मेरी लिपस्टिक." पर्स ओतलीस. झाकण सैल झालेली ती डाळिंबी लिपस्टिक खाली पडली, आणि तुला गुन्हेगार सापडला.

मी म्हटलं, "हो, तसंच दिसतंय."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. नाही. मी पुढे म्हणाले, "पासपोर्ट कुणी लिपस्टिकजवळ ठेवतं का, महनाज? किती वेळा सांगितलं तुला!" तुला ओरडले मी. चोराच्या उलट्या बोंबा. तू मान खाली घातलीस आणि म्हणालीस, सॉरी. मला सॉरी म्हणालीस.

का खोटं बोलले, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. भीती वाटली. तू माझ्याकडे कशी बघशील याची. तुझे कागद सांभाळणारी, सगळ्यांचे सांभाळणारी, चूक न करणारी बाई, हे माझं जे काही होतं तेवढंच होतं आणि ते तुझ्या डोळ्यांदेखत फुटणार होतं. तुझी आई दवाखान्यात होती आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. यापेक्षा बरं कारण माझ्याकडे नाही.

त्याच दिवशी आपण हैदराबादची गाडी धरली. मी बरोबर आले. फॉर्म मी भरले, झेरॉक्स मी काढल्या, रांगेत मी उभी राहिले, तिथल्या माणसांना माझ्या मोडक्या हिंदीत विनवलं. त्यांनी होईल तेवढी घाई केली. तरी पासपोर्ट व्हायला दिवस लागतात आणि नव्या पासपोर्टवर इथला व्हिसा लावायला आणखी दिवस. तिसऱ्या दिवशी लॉजच्या पायरीवर बसून तू माझे दोन्ही हात ओठांना लावलेस. "आक्काजून, तू नहीं होती तो मैं क्या करती?" मी हात काढून घेतले आणि म्हटलं, चल, चहा पिऊ.

नवव्या दिवशी तुझी आई गेली. दफन तू फोनच्या पडद्यावर बघितलंस, माझ्या सोफ्यावर बसून. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि पंखा तेवढा चालू होता. तू रडत नव्हतीस. पडदा काळा झाल्यावर तू बाथरूममध्ये गेलीस, तोंड धुतलंस आणि लिपस्टिक माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलीस. मी ती दुसऱ्या दिवशी कचऱ्याबरोबर बाहेर ठेवली. झाकण अजून सैलच होतं.

त्यानंतर तुझे ओठ मी कधी रंगलेले पाहिले नाहीत. ना ऑफिसला जाताना, ना कंपनीच्या पार्टीला, ना आमच्या चाळिसाव्या लग्नवाढदिवसाला, जिथे तू हिरवी साडी नेसून आलीस आणि सगळ्यांनी विचारलं ही सुंदर मुलगी कोण. रोज सकाळी दार उघडलं की समोर ते फिकट ओठ. मला वाटायचं तू मुद्दाम मला दाखवतेस. चोराच्या मनात चांदणं. तू काहीच दाखवत नव्हतीस, तू स्वतःला शिक्षा करत होतीस, माझ्या वाट्याची.

ह्यांना मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. हे निपाणीचे, आयुष्यभर बंगळूरला राहूनही बोलणं तिकडचंच. म्हणाले, "सांगून टाक की गं. स्वल्प भांडंल, दोन दिवस बोलायची नाही, मग सगळं सरी होतंय." मी म्हटलं, सांगते, जरा तिचं दुःख ओसरू दे. पुढे हे दर महिन्याला विचारायचे. मग विचारायचे बंद झाले, आणि ते मला जास्त लागलं.

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाला तू नव्या पासपोर्टवर करमानला गेलीस. पंधरा दिवसांची रजा होती, पाचव्या दिवशी परत आलीस. मला जिऱ्याची पुडी दिलीस, करमानचं जिरं जगात कुठे नाही म्हणालीस. मी विचारलं, इतक्या लवकर? "फर्जाने का स्कूल है," एवढंच. त्यानंतर शुक्रवारचा फोन मला भिंतीपलीकडून कधी ऐकू आला नाही. तुमची ती फारसीतली बडबड, मध्येच तुझं मोठ्याने हसणं, सगळं बंद. माझ्या लक्षात आलं होतं, महनाज. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू कारण सांगितलं असतंस, आणि त्या कारणाच्या टोकाला माझं कुंकू असणार हे मला आतून कळत होतं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखी मी तुझ्या घरी येत राहिले, जात राहिले, तुझ्या परमिटच्या तारखा कॅलेंडरवर गोल करत राहिले.

एकदा अगदी तोंडापर्यंत आलं होतं. गणपतीचे दिवस होते, तू मोदक वळायला बसली होतीस आणि तुझे मोदक समोशासारखे होत होते. मी म्हटलं, "महनाज, एक सांगायचंय." तू पिठाचे हात वर करून म्हणालीस, "मालूम है, बहुत खराब है." मी हसले, आणि तो क्षण मोदकांत गेला. आपलं एक भांडण तर अर्धंच राहिलं. तू म्हणायचीस, तुम्ही लोक कागदाची पूजा करता, आम्ही कागदाला भितो, आणि दोघांनाही कागद कधी ओळख देत नाही. मी म्हणायचे, कागद नीट ठेवला तर कधी दगा देत नाही.  आज ते भांडण तू जिंकलीस असं मला लिहायचं होतं, पण तुला ऐकायला यायचं नाही.

मार्चमध्ये ऑफिसातून फोन आला, डोक्यात रक्तस्राव झालाय. तीन दिवस होतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू वीसेक मिनिटं शुद्धीवर होतीस. माझा हात ओळखलास. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. इतकी बरी वेळ देवाने कुणाला देऊ नये, मला दिली. आणि मी काय बोलले? म्हटलं, "पुढच्या महिन्यात परमिटची मुदत संपते, मी ऑनलाइन भरून टाकते, तू काळजी करू नकोस." तू मान हलवलीस. ओठ कोरडे पडले होते, मी ओल्या कापसाने पुसले. तू पुन्हा झोपलीस. दुसऱ्या दिवशी गेलीस.

तुझ्या कंपनीतली माणसं आली, इथे शिकणारी पाच-सहा इराणी मुलं आली, त्यांनी सगळं रीतीने केलं. फर्जानेला येता आलं नाही. तिच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती, कुठे जायचंच नाही म्हणून तिने नवा केला नव्हता. मातीआड जाण्याआधी बहिणीचं तोंड बघायला तिच्या हातात तेवढा कागद नव्हता. मी कब्रस्तानाच्या भिंतीशी उभी होते.

गेल्या शुक्रवारी दुपारी फर्जानेचा व्हिडिओ कॉल आला. तिला इंग्रजी चांगलं येतं, शाळेत तेच शिकवते. चेहऱ्याची ठेवण तुझीच, भुवया जरा जाड. तुझ्या वस्तूंचं विचारत होती. कपडे मुलींना वाटा म्हणाली, घड्याळ ठेवा. मग विचारलं, "शेवटपर्यंत लिपस्टिक लावायची का ती?"

मी म्हटलं, नाही. आई गेली त्या दिवसापासून कधीच नाही.

 हे दारात उभे होते. त्यांनी काही खूण केली नाही, नुसते उभे राहिले. मी म्हटलं, फर्जाने, तो डाग लिपस्टिकचा नव्हता. आमच्याकडे पूजेत लावतात ती लाल पूड होती. मी लावली होती. तिला माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलं नाही.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. इंग्रजी चुकत होतं, रडू येत होतं, तरी तेल, कपाट, उन्हाळा, विमानतळ, मी तुला ओरडले ते, सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. फर्जानेने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. म्हणाली, आईच्या चाळिसाव्याला घरभर माणसं होती. सगळ्यांसमोर मी महनाजला म्हटलं, तुला आईपेक्षा तुझे ओठ प्यारे होते.  त्या संध्याकाळी तिने बॅग भरली. तेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

म्हणून तू पाचव्या दिवशी परत आलीस. म्हणून भिंतीपलीकडे शुक्रवार बंद झाले. तुला एका वाक्यात सगळं उलटवता आलं असतं, पण ते वाक्य माझ्याकडे होतं.

मी माफी मागितली. फर्जाने हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फोनही ठेवला नाही.  मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, कबर कुठे आहे, तिथे जाता येतं का. मी म्हटलं, दर गुरुवारी जाते. तिने सांगितलं, मी पासपोर्टचा अर्ज करतेय, नंतर तुमच्याकडचा व्हिसा मागेन, किती महिने लागतील ते लागोत. "पण मी येईपर्यंत तिथे जाऊन तिला हे काही सांगू नका," ती म्हणाली. "आधी माफी मी मागणार. मग तुम्ही."

मी कबूल केलं. म्हणून हे सगळं इथे, वहीत. परवा गुरुवारी आले होते तुझ्याकडे. फुलं ठेवली, जवळची पानं गोळा केली आणि एक शब्द न बोलता परत आले.